ऑकची बेरीज आणि लाखातला स्वल्पविराम

आमच्या सोसायटीचे आकडे मी टर्मिनलवरच तपासतो. एका ओळीची आज्ञा दिली की ऑक अख्ख्या रकान्याची बेरीज करून देतं. १९७७ साली बेल लॅब्जमध्ये तयार झालेलं हे हत्यार अजून धारदार आहे, पण स्वभावाने भारी भिडस्त. आकड्यात खोट दिसली तरी तोंडातून शब्द काढत नाही.

मोठ्या दुरुस्तीच्या वर्गणीची फाइल माझ्याकडे आली, रकाने टॅबने पाडलेले. बेरीज पासबुकाशी ताडली तर काही लाखांचा फरक! मोजक्या ओळींत रक्कम १,२५,००० अशी स्वल्पविराम देऊन लिहिली होती. ऑक आकडा डावीकडून वाचतं आणि आकड्यात न बसणारं चिन्ह आलं की थांबतं. सव्वा लाखाचा त्याने एक रुपया धरला. सगळ्याच ओळी तशा असत्या तर उत्तर हास्यास्पद आलं असतं आणि लगेच कळलं असतं. थोड्याच असल्या की बेरीज पटण्याजोगी दिसते, खरा धोका तिथे. आणि फाइलमध्ये देवनागरी अंक असतील, इथे छापलेत तसे, तर ती रक्कम सरळ शून्य.

म्हणून आधी ग्रेपने पाहा, रकान्यात अंक, दशांशचिन्ह आणि उणे चिन्ह सोडून काही शिरलंय का. स्वल्पविराम सापडले तर ऑकच्याच जीसबने काढून टाका. जीएनयूचं डेटामॅश मात्र अशा ओळीवर अडून बसतं, ओळीचा क्रमांकही सांगतं. हा खडूसपणा मला आवडतो.

छापतानाही सांभाळा. बेरीज १२३४५६.७८ असली तरी ऑकचं साधं प्रिंट १२३४५७ दाखवतं, कारण अपूर्णांकाचे ते सहाच सार्थ अंक छापतं. पैसे हवे असतील तर प्रिंटएफ वापरून दोन दशांश स्थळं मागा. सरासरीसाठी एनआरने, म्हणजे ऑकने वाचलेल्या एकूण ओळींच्या संख्येने, भागू नका. शीर्षकाची आणि रिकामी ओळही त्यात मोजली जाते. रक्कम असलेल्या ओळी वेगळ्या मोजा.

भागाकारातही सावध राहा. टर्मिनलवरच्या बीसी या गणकाला २ भागिले ३ विचारलं तर शून्य येतं. स्केल २ केलं तर .६६ मिळतं, .६७ नाही, ते पुढचे अंक कापतं, जवळच्या अंकाला नेत नाही. बॅश या शेलला तर अपूर्णांक कळतच नाहीत, आणि शून्याने सुरू होणारा आकडा ते अष्टमान पद्धतीत वाचतं. ०८ ला निदान ओरडतं तरी, ०१० चे गुपचूप आठ करतं.

मध्यक काढायला सॉर्ट वापरत असाल तर संख्येनुसार लावायचा पर्याय द्या, नाहीतर १०००० हे ९०० च्या आधी येऊन बसतं. प्रमाण विचलनासाठी डेटामॅशमध्ये दोन वेगळ्या आज्ञा आहेत: सगळ्या फ्लॅटांचे आकडे हाती असतील तर समष्टीची घ्या, निवडक फ्लॅटांवरून अंदाज बांधायचा असेल तर नमुन्याची.