घर सांभाळणाऱ्याची पात्रता
(निवासी संकुलांचे व्यवस्थापन आणि सदनिकाधारकांचा पैसा)

मध्यमवर्गीय माणूस साधारणतः आयुष्यात एकदाच घर घेतो आणि त्याचे हप्ते पंधरा-वीस वर्षे फेडीत राहतो. खरेदीच्या वेळी तो पुरेशी दक्षता घेतो. मालकीहक्काची कागदपत्रे वकील तपासतात, बँक मालमत्तेचे मूल्यांकन करविते, नोंदणी कार्यालयात साक्षीदारांसमक्ष स्वाक्षऱ्या होतात. ताबा मिळाल्यानंतर मात्र त्याच इमारतीची लिफ्ट, पाण्याच्या टाक्या, गच्ची आणि रहिवाशांनी दरमहा जमा केलेला पैसा ज्याच्या हाती सोपविला जातो, त्याची पात्रता सहसा कोणी तपासत नाही. या व्यवसायाचा दर्जा कसा उंचावता येईल आणि त्यात सदनिकाधारक व बँक यांचा वाटा कोणता, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

व्यवस्थापक का लागतो?

जबलपूर शहराची वाढ रेल्वे आणि संरक्षण खात्याचे कारखाने यांच्या आधाराने झाली. येथील गन कॅरेज फॅक्टरी 1904 सालची आहे. नोकरीनिमित्त आलेली अनेक मराठी कुटुंबे येथेच स्थिरावली. आता समजा, कांचघरसारख्या जुन्या वस्तीत 40 सदनिकांची एक इमारत उभी राहिली. निम्म्या सदनिकांत निवृत्त दांपत्ये आहेत, त्यांची मुले पुणे, नागपूर वा बंगळूरू येथे नोकरीस आहेत. काही सदनिका भाड्याने दिलेल्या, तर काही कुलूपबंद. चिटणीसपद स्वीकारण्यास कोणी तयार होत नाही. अशा वेळी देखभालीचे काम एखाद्या व्यक्तीला किंवा संस्थेला मोबदला देऊन सोपविले जाते. हाच व्यवस्थापन अभिकर्ता, बोलीभाषेत ‘मेंटेनन्सवाले’.

हा बदल गैर नाही. हौशी कार्यकारिणीपेक्षा जाणकार व्यवस्थापक केव्हाही बरा. प्रश्न इतकाच की, तो जाणकार आहे हे ठरवायचे कसे?

कायदा कोठपर्यंत जातो?

मध्य प्रदेशात सदनिकांच्या मालकीसाठी मध्य प्रदेश प्रकोष्ठ स्वामित्व अधिनियम, 2000 आहे, तर सहकारी गृहनिर्माण संस्थांना राज्याचा 1960 चा सहकारी संस्था अधिनियम लागू होतो. महाराष्ट्रात 1970 चा अपार्टमेंट ओनरशिप कायदा आहे. त्याच्या 16 व्या कलमानुसार व्यवस्थापक मंडळाला चिटणीस, व्यवस्थापक किंवा व्यवस्थापन अभिकर्ता नेमता येईल काय आणि मंडळाचे कोणते अधिकार त्याला सोपविता येतील, हे उपविधींत नमूद करावे लागते. म्हणजे अभिकर्त्याचे अस्तित्व कायद्याने पन्नास वर्षांपूर्वीच मान्य केले. त्याची पात्रता मात्र ठरविली नाही.

2016 च्या रिअल इस्टेट कायद्याने, म्हणजेच रेराने, घर विकून देणाऱ्या दलालास नोंदणी बंधनकारक केली. महाराष्ट्राच्या महारेराने जानेवारी 2023 मध्ये आदेश काढून अशा दलालांना प्रशिक्षण व परीक्षा अनिवार्य केली आणि पुढे 2024 मध्ये प्रमाणपत्र सादर न करणाऱ्या सुमारे 20 हजार दलालांची नोंदणी स्थगित केली.

आता तुलना करून पाहू. विक्री करणाऱ्याचा आपल्याशी संबंध काही महिन्यांचा; त्याला परीक्षा आहे. इमारत सांभाळणाऱ्याचा संबंध वर्षानुवर्षांचा; त्याला तशी सक्ती नाही. वस्तुतः महाराष्ट्रात सहकार खात्यातर्फे सहकारी गृहनिर्माण व्यवस्थापनाची सी.एच.एम. ही परीक्षा घेतली जाते. अभ्यासक्रम आहे, परीक्षाही आहे. व्यवस्थापकाने ती उत्तीर्ण व्हावीच, असे बंधन तेवढे नाही.

इतर देशांत काय घडले?

हाँगकाँगमध्ये 2016 साली मालमत्ता व्यवस्थापन सेवांचा स्वतंत्र कायदा झाला. 1 ऑगस्ट 2020 पासून परवाने देण्यास प्रारंभ झाला. व्यावसायिकांना शिक्षण घेण्यास व अनुभव सिद्ध करण्यास तीन वर्षांचा अवधी देण्यात आला आणि 1 ऑगस्ट 2023 पासून परवाना पूर्णतः बंधनकारक झाला. कोणालाही एका रात्रीत बेरोजगार न करता दर्जा कसा वाढवावा, याचा हा उत्तम वस्तुपाठ होय.

इंग्लंडमध्ये वाटचाल सावकाश चालली आहे. तेथे 1 ऑक्टोबर 2014 पासून अभिकर्त्यांना मान्यताप्राप्त तक्रार निवारण योजनेचे सदस्यत्व सक्तीचे आहे. लॉर्ड बेस्ट यांच्या अध्यक्षतेखालील कार्यगटाने 2019 मध्ये स्वतंत्र नियामक व किमान पात्रतेची शिफारस केली. 2025 मध्ये शासनाने सक्तीच्या पात्रतेविषयी लोकांची मते मागविली. मात्र तेथील एक तरतूद फार जुनी आणि मोलाची आहे. 1987 च्या एका कायद्याच्या 42 व्या कलमानुसार रहिवाशांनी भरलेले सेवाशुल्क विश्वस्त निधी समजले जाते. पैसा स्वीकारणारा त्याचा मालक नसून विश्वस्त असतो. आपल्याकडे पात्रतेचा कायदा येईल तेव्हा येवो, हे तत्त्व आपण आजपासून करारात उतरवू शकतो.

दर्जाच्या चार कसोट्या

1. पैशाची विभागणी. कांचघरच्या आपल्या काल्पनिक इमारतीत प्रत्येक सदनिकेचे देखभाल शुल्क दरमहा 2,000 रुपये धरू. महिन्याला 80,000 आणि वर्षाला 9 लाख 60 हजार रुपये जमा होतात. ही रक्कम अभिकर्त्याच्या व्यक्तिगत खात्यात जाऊ लागली, तर त्याचे अन्य व्यवहार आणि इमारतीचा पैसा एकमेकांत मिसळतात. तो कितीही प्रामाणिक असला तरी त्याचे निधन, आजारपण किंवा दुसऱ्या धनकोशी झालेला वाद यांमुळे रहिवाशांचा पैसा अडकू शकतो. म्हणून खाते संस्थेच्याच नावे असावे. देयके तपासून सादर करणे हे अभिकर्त्याचे काम. धनादेशावर स्वाक्षरी मात्र दोन पदाधिकाऱ्यांचीच असावी. इंटरनेट बँकिंगमध्येही एकाने व्यवहार नोंदवावा व दुसऱ्याने मंजूर करावा.

2. भविष्याची तरतूद. महाराष्ट्रातील आदर्श उपविधींनुसार प्रत्येक सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या वार्षिक किमान 0.25 टक्के रक्कम सिंकिंग फंडासाठी आणि किमान 0.75 टक्के रक्कम दुरुस्ती निधीसाठी घ्यावयाची असते. बांधकाम खर्च प्रतिसदनिका 20 लाख रुपये मानल्यास सिंकिंग फंडाचे वर्षाला 5,000 रुपये होतात. 40 सदनिकांचे 2 लाख आणि दहा वर्षांचे, व्याज न धरता, 20 लाख. हा निधी नसेल, तर लिफ्ट बदलण्याची वेळ येताच प्रत्येकाकडून एकदम मोठी वर्गणी मागावी लागते आणि निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या वृद्धांची कोंडी होते. शुल्क कमी ठेवून लोकप्रिय होणारा व्यवस्थापक म्हणजे चांगला व्यवस्थापक नव्हे. चांगला व्यवस्थापक ही तरतूद दरवर्षी सभेपुढे मांडतो आणि निधी संस्थेच्या नावे मुदत ठेवीत ठेवण्याचा आग्रह धरतो.

3. ज्ञान. व्यवस्थापक अभियंता असण्याची गरज नाही. परंतु अभियंत्याला केव्हा बोलवावे, हे त्याला समजले पाहिजे. 22 मे 1997 च्या भूकंपाने जबलपूरमध्ये सुमारे 40 जणांचा बळी घेतला, हे येथील जुने रहिवासी विसरलेले नाहीत. खांबाला गेलेला तडा गिलाव्याने झाकणारा आणि तो तज्ज्ञाला दाखविणारा, या दोघांतील अंतर म्हणजेच व्यावसायिक दर्जा. महाराष्ट्राच्या आदर्श उपविधींत 15 ते 30 वर्षे वयाच्या इमारतींची संरचनात्मक तपासणी पाच वर्षांतून एकदा आणि त्याहून जुन्या इमारतींची तीन वर्षांतून एकदा करण्यास सांगितले आहे. तेथील 2006 च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार अग्निसुरक्षा यंत्रणा सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र जानेवारी व जुलै असे वर्षातून दोनदा द्यावे लागते. अन्य राज्यांतील संस्थांनीही हे वेळापत्रक अनुसरल्यास त्यांचे हितच आहे. करांचेही तसेच. देखभाल शुल्क दरमहा प्रतिसदस्य 7,500 रुपयांपर्यंत असल्यास त्यावर जीएसटीची सूट मिळते, कंत्राटदाराच्या देयकातून उद्गम करकपात केव्हा करावयाची असते, एवढे तरी व्यवस्थापकाला ठाऊक असावे.

4. पारदर्शकता. ही सर्वांत नाजूक कसोटी होय. रंगकाम, सुरक्षारक्षक, पाण्याचे टँकर, लिफ्टची वार्षिक देखभाल अशी सर्व कंत्राटे अभिकर्त्यामार्फत दिली जातात. कंत्राटदाराने त्याला दलाली दिली, तर तिचा भार अखेर देयकात येतो, म्हणजेच रहिवाशांवर पडतो. उघड ठरलेला मोबदला दोन पैशांनी अधिक असला तरी चालेल. छुपी दलाली नको. मोठ्या कामासाठी किमान तीन दरपत्रके मागवावीत आणि अभिकर्त्याचे कोणत्याही कंत्राटदाराशी नाते वा भागीदारी असल्यास ते त्याने लेखी कळवावे.

करारापूर्वी विचारावयाचे प्रश्न

नेमणुकीचा ठराव करण्यापूर्वी कार्यकारिणीने पुढील प्रश्नांची लेखी उत्तरे घ्यावीत :

(अ) या कामाचे कोणते शिक्षण वा प्रशिक्षण आपण घेतले आहे?
(आ) सध्या किती इमारती सांभाळता? त्यांपैकी दोन ठिकाणच्या पदाधिकाऱ्यांशी आम्ही बोलू शकतो काय?
(इ) मासिक जमाखर्च आणि बँक ताळमेळ पत्रक कोणत्या तारखेपर्यंत द्याल?
(ई) रहिवाशाच्या तक्रारीस किती दिवसांत लेखी उत्तर द्याल?
(उ) करार संपल्यावर नकाशे, हमीपत्रे, देयके, सभासद नोंदवही व संगणकातील नोंदी किती दिवसांत सुपूर्द कराल?

शेवटचा प्रश्न बहुधा विसरला जातो आणि तोच पुढे कलहाचे कारण ठरतो. अभिकर्ता बदलताना कागदपत्रेच हाती नसल्यास नव्या माणसाला इमारतीचा इतिहास कळत नाही. रेराच्या 17 व्या कलमानुसार विकासकानेही पूर्णत्व प्रमाणपत्र मिळाल्यापासून, स्थानिक कायद्यात अन्य मुदत नसल्यास, 30 दिवसांत नकाशे व आवश्यक दस्तऐवज सदनिकाधारकांच्या संघटनेस द्यावयाचे असतात. ते मागून घेण्याचे काम पहिल्याच वर्षी पूर्ण करावे. तसेच विकासकाने ताबा दिल्यापासून पाच वर्षांत संरचनात्मक दोष आढळल्यास तो विनामूल्य दुरुस्त करण्याची जबाबदारी 14 व्या कलमाने त्याच्यावर टाकली आहे. ही मुदत लक्षात ठेवून वेळेत तक्रार नोंदविणारा व्यवस्थापक आपला मोबदला एका पत्रातच वसूल करून देतो.

कार्यकारिणी आणि बँक

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. अभिकर्ता नेमला म्हणजे कार्यकारिणी मोकळी झाली, असे नाही. काम सोपविता येते, उत्तरदायित्व सोपविता येत नाही. दरमहा खातेउतारा आणि जमाखर्च समोरासमोर ठेवून पाहण्यास फार वेळ लागत नाही. निवृत्त झालेले लेखापाल, कारखान्यातील पर्यवेक्षक, शिक्षक अशी मंडळी प्रत्येक इमारतीत असतात. त्यांनी महिन्यातून एक संध्याकाळ दिली तरी पुष्कळ साधेल.

बँकेच्या दृष्टीनेही हा विषय परका नाही. गृहकर्जाचे तारण म्हणजे तीच सदनिका. इमारत दुर्लक्षित राहिली, तर तारणाचे मूल्य घटते आणि कर्जदाराची आयुष्यभराची बचतही घटते. म्हणून गृहनिर्माण संस्थेचे खाते उघडताना शाखेतील सहकाऱ्यांनी केवळ कागदपत्रांची पूर्तता करून थांबू नये. संयुक्त स्वाक्षरीचा ठराव, पदाधिकारी बदलल्यावर स्वाक्षऱ्यांची तातडीने नोंद, प्रत्येक व्यवहाराचा संदेश दोघांच्या भ्रमणध्वनीवर जाण्याची सोय आणि सिंकिंग फंडासाठी स्वतंत्र मुदत ठेव, या चार गोष्टी ग्राहकांना आवर्जून समजावून सांगाव्यात.

व्यवस्थापकांनाही एक विनंती. आपल्या व्यवसायाकडे आजही ‘वर्गणी गोळा करणारे’ याच नजरेने पाहिले जाते. परीक्षा, लेखी करार आणि खुला जमाखर्च यांमुळे काम वाढेल हे खरे. पण लेखापाल, वकील किंवा मूल्यांकनकार यांना जी प्रतिष्ठा लाभली, ती अशाच बंधनांतून लाभली आहे. सक्तीची वाट न पाहता जे ही बंधने स्वतःहून पाळतील, त्यांच्याकडे रहिवासी विश्वासाने येतील.

पुढील सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेत ‘व्यवस्थापन कराराचा आढावा’ हा एक विषय अवश्य घालावा. घर घेताना आपण जी दक्षता घेतली, तीच ते सांभाळताना घेतली, तर आपल्या मागे मुलांच्या हाती सुस्थितीतील इमारत आणि स्वच्छ हिशेब, दोन्ही जातील.