लॅपटॉपसाठी दुसरा चार्जर निवडताना

लॅपटॉपचा मूळ चार्जर निकामी झाल्यास, केवळ टोक खाचेत बसते एवढ्यावरून नवा घेणे धोक्याचे असते. घरातील 230 व्होल्ट दाबाच्या प्रत्यावर्ती प्रवाहाचे अल्प दाबाच्या एकदिश प्रवाहात रूपांतर करणे हे चार्जरचे कार्य होय. त्यावरील ‘आउटपुट’ या शब्दापुढे, उदाहरणार्थ, 19.5 व्होल्ट व 3.34 अँपिअर असे आकडे असतात. त्यांचा गुणाकार, म्हणजे सुमारे 65 वॉट, ही त्याची शक्ती होय.

यांपैकी दाबाचा आकडा जुळलाच पाहिजे. दाब अधिक असल्यास लॅपटॉपमधील विद्युत् मंडले जळू शकतात. अँपिअरचा आकडा मात्र केवळ क्षमता दर्शवितो. लॅपटॉप गरजेपुरताच प्रवाह घेतो; म्हणून ही क्षमता अधिक असल्यास हानी नाही, परंतु कमी असल्यास चार्जर प्रमाणाबाहेर तापू शकतो. धन व ऋण टोके दाखविणारी आकृतीही तीच असावी. यूएसबी-सी प्रकारात योग्य दाब दोन्ही उपकरणे संकेतांनी ठरवितात. तेथे वॉटचा आकडा पुरेसा आहे की नाही, हे पाहावे.

भारतात अशा चार्जरांची भारतीय मानक ब्यूरोकडे नोंदणी सक्तीची आहे. ते चिन्ह व नोंदणी क्रमांक अवश्य पाहावेत. कारण चार्जरमधील उच्च व अल्प दाबाच्या भागांना विलग ठेवणारे विसंवाहक आवरण सदोष असल्यास, 230 व्होल्टचा दाब वापरणाऱ्याच्या हातापर्यंत पोहोचू शकतो.