चौल-रेवदंडा : पायी क्षेत्रदर्शन

पेण-वडखळकडून धरमतरचा पूल ओलांडून अलिबागकडे येणारे बहुसंख्य भाविक चौलला येतात ते श्रीदत्तात्रेयाच्या दर्शनासाठी. मार्गशीर्ष पौर्णिमेपासून भरणाऱ्या पाच दिवसांच्या यात्रेत तर भोवाळ्याच्या टेकडीवर पाय ठेवण्यास जागा उरत नाही. तथापि दर्शन घेऊन, प्रसाद व खेळणी खरेदी करून मंडळी आल्या वाटेने परत फिरतात. ज्या भूमीवर आपण उभे आहोत, तिने दोन सहस्र वर्षांत किती प्रकारच्या उपासना पाहिल्या याची कल्पना फार थोड्यांस असते. एक संपूर्ण दिवस राखून ठेवल्यास हा परिसर पायी पाहता येतो.

चौल हे प्राचीन बंदर. टॉलेमीसारख्या ग्रीक लेखकांनी त्याचा उल्लेख केला असून कान्हेरीच्या लेण्यांतील शिलालेखांत ‘चेमुल’ येथील रहिवाशांनी दिलेल्या दानाची नोंद आहे. म्हणजे येथील दानशूरतेची परंपराही तितकीच जुनी म्हणावयाची. इ. स. ९१५-१६ च्या सुमारास आलेला अरब प्रवासी अल् मसूदी याने येथे सुमारे दहा हजार मुसलमान राहत असल्याचे लिहून ठेवले आहे. राज्य त्या वेळी राष्ट्रकूटांचे व त्यांच्या मांडलिक शिलाहारांचे. तरीही या परदेशी वस्तीचे तंटे तिच्यातीलच एक प्रमुख सोडवीत असे. व्यापार टिकवावयाचा तर परक्याच्या देवालाही जागा द्यावी लागते, हे त्या राजांनी ओळखले होते.

सकाळच्या थंड वेळी टेकड्या कराव्यात. दत्तमंदिराच्या पायऱ्या चढून झाल्यावर हिंगुळजा देवीच्या डोंगराकडे वळावे. या देवीचे मूळ स्थान बलुचिस्तानात आहे. ती कोकणच्या किनाऱ्यावर कशी आली, याचे उत्तर सागरी व्यापाराच्या वाटांत शोधावे लागते. याच डोंगरात जुनी लेणी आहेत. पुढे गावात शीतळादेवीचे दर्शन घेऊन श्रीरामेश्वराच्या देवालयात यावे. समोर विस्तीर्ण पुष्करणी आणि आत पर्जन्य, वायू व अग्नी अशी कुंडे. अवर्षणाच्या काळात पर्जन्यकुंड उघडून पर्जन्ययाचना करण्याची प्रथा येथे होती. पुष्करणीच्या काठी थोडा वेळ अवश्य बसावे. मात्र निर्माल्य व प्लास्टिकच्या पिशव्या पाण्यात सोडू नयेत.

येथून रेवदंड्याच्या दिशेने निघाले की बागांआड जुन्या मशिदीचे व हमामखान्याचे अवशेष दिसतात. बहामनी व निजामशाही काळातील चौलच्या वैभवाच्या या खुणा. रशियन प्रवासी अफानासी निकितीन पंधराव्या शतकात भारतात प्रथम उतरला तो याच बंदरी. मशीद भग्न असली तरी ती प्रार्थनास्थळ आहे, हे ध्यानी ठेवून पादत्राणे व बोलणे यांबाबत देवळात पाळतो तोच संयम पाळावा.

रेवदंड्यातील बेथ एल हे सिनेगॉग १८४२ मधील. कोकणातील बेने इस्रायल लोकांचे पूर्वज अलिबागजवळील नवगाव येथे गलबत फुटून किनाऱ्याला लागले, सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या, अशी त्यांची परंपरागत कथा आहे. त्यांनी तेल गाळण्याचा व्यवसाय पत्करला. शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून लोक त्यांस ‘शनवार तेली’ म्हणू लागले. पेणकर, रोहेकर, अष्टमकर, केहिमकर ही त्यांची आडनावे पाहिली म्हणजे या तालुक्यांशी असलेले नाते वेगळे सांगावे लागत नाही. नवस फेडताना ते पोहे, नारळ, गूळ व फळे यांचा मलिदा करतात. आपल्याकडील कोणत्याही गृहिणीस तो परका वाटू नये. १९४८ नंतर बहुतेक कुटुंबे इस्रायलला गेली. त्यांच्या सामुदायिक प्रार्थनेस किमान दहा प्रौढ पुरुष लागतात आणि लहान गावांत ही संख्या जमविणे हीच आता अडचण आहे. देवालयास छप्पर आहे, पण प्रार्थनेस माणसे नाहीत, ही अवस्था कोणत्याही विश्वस्तास अंतर्मुख करणारी होय. महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये ज्यू समाजास अल्पसंख्याक दर्जा दिला. सिनेगॉग आतून पाहावयाचे असल्यास तेथील मंडळींची अनुमती घ्यावी व पुरुषांनी मस्तक झाकावे. शनिवार त्यांच्या विश्रांतीचा, तो टाळावा.

दुपार उतरल्यावर आगरकोटात, म्हणजेच पोर्तुगीजांच्या कोटात शिरावे. १५२१ मध्ये त्यांनी येथे किल्ला बांधण्यास आरंभ केला. आता तटाच्या आत नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत व त्यांतूनच चर्च आणि मठांच्या भिंती डोके वर काढतात. सेंट बार्बराच्या मठाचा उंच मनोरा ‘सातखणी’ या नावाने प्रसिद्ध आहे. मजले सात उरलेले नाहीत, नाव मात्र उरले. सेंट फ्रान्सिस झेविअर यांच्या नावाचे छोटे प्रार्थनागृहही येथे आहे. १७४० मध्ये हा मुलूख मराठ्यांकडे आला. त्याआधीच्या वर्षी झालेल्या वसई मोहिमेनंतर पोर्तुगीज चर्चच्या घंटा मराठी मुलखातील देवळांत गेल्या. नाशिकच्या नारोशंकर मंदिरातील घंटा अनेकांनी ऐकली असेल. हे अवशेष संरक्षित असल्याने भिंतींवर नावे कोरणे हा गुन्हा आहे. वाड्या खासगी मालकीच्या आहेत. विचारल्याशिवाय आत जाऊ नये.

येथे दानशूर भक्तांसाठी एक विनंती नमूद करणे उचित ठरेल. जीर्णोद्धार म्हणजे जुन्या दगडावर तैलरंग फासणे व जमिनीला चकचकीत फरशी बसविणे नव्हे. सातखणीची वा मशिदीची पडझड पाहून हळहळणारे आपण, आपल्याच गावच्या देवळाचे कोरीव लाकडी खांब काढून तेथे सिमेंटचे खांब उभे करतो. देणगी देताना गळके छप्पर, कुंडांतील गाळ व पायऱ्यांची दुरुस्ती यांस प्रथम स्थान द्यावे. नामफलक लहान असला तरी चालतो.

वेळ उरल्यास कुंडलिकेच्या खाडीपलीकडील कोर्लई गाव पाहावे. तेथील माउंट कार्मेल चर्चच्या परिसरातील ख्रिस्ती बांधव घरी पोर्तुगीज व मराठीच्या मिश्रणातून घडलेली बोली बोलतात. तिला ते ‘नोलिंग’, म्हणजे ‘आमची भाषा’ म्हणतात. बाजारात मात्र ते आपल्याशी शुद्ध कोकणी वळणाच्या मराठीत बोलतील.