भिंतीवरचे श्रम : मंदीच्या काळातील सरकारी भित्तिचित्रे आणि आपली कुंपणभिंत

आमच्या विद्यालयाच्या रस्त्याकडील कुंपणभिंतीवर चित्र काढावयाचे, असे या स्मरणिकेच्या वर्षी ठरले. विषय कष्टकरी जीवनाचा घ्यावा, अशी सूचना आम्ही कला विभागाने केली. आमचे बहुतेक विद्यार्थी ऊसतोड, बांधकाम आणि सफाईकाम करणाऱ्या घरांतून आलेले आहेत. तेव्हा सूचना सहज मान्य होईल, असे आम्हांस वाटले होते. झाले उलटेच. नववीतील एका मुलाने उभे राहून विचारले, “सर, तेच भिंतीवर बघायचं असेल तर आईबापानं आम्हाला इथं कशाला पाठवलं?” त्या दिवशी आमच्यापाशी उत्तर नव्हते. पुढील तासिकांत मुलांसमवेत जो अभ्यास केला, तो येथे मांडत आहोत.

1929 साली अमेरिकेतील शेअरबाजार कोसळला आणि जगभर मंदी पसरली. 1933 पर्यंत त्या देशातील काम करू शकणाऱ्यांपैकी सुमारे चतुर्थांश लोक बेकार झाले होते. आपल्याकडे 1928 ते 1934 या काळात गव्हाचा भाव निम्म्यावर आला. सारा मात्र तितकाच राहिला. अशा वेळी चित्रकाराला कोण विचारतो? 1933 च्या मे महिन्यात जॉर्ज बिडल या चित्रकाराने आपले शाळासोबती असलेल्या राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांना पत्र लिहिले. मेक्सिकोच्या सरकारने चित्रकारांना प्लंबरइतकी मजुरी देऊन सरकारी इमारतींच्या भिंतींवर क्रांतीचे आदर्श रंगवून घेतले होते, याची आठवण त्यांनी दिली. आम्हांस यातील ‘प्लंबरइतकी मजुरी’ हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो. चित्रकार हाही हाताने काम करणारा कामकरीच आहे, ही भूमिका त्यात आली.

त्याच वर्षी डिसेंबरात पहिली योजना सुरू झाली. आठवड्याला 26.50 ते 42.50 डॉलर मजुरीवर सुमारे 3,700 कलावंतांना काम मिळाले. ती योजना काही महिन्यांतच संपली. मग 1934 च्या ऑक्टोबरात अर्थखात्याने कलेचा एक स्वतंत्र विभाग काढला. नव्या सरकारी इमारतीच्या खर्चातील साधारण एक टक्का रक्कम चित्र-शिल्पासाठी ठेवावी, असे त्याचे धोरण होते. चित्रकाराची निवड गरजेवर नव्हे, तर बहुधा स्पर्धेतून होई. गावोगावच्या टपाल कचेऱ्यांत, पोस्टमास्तरांच्या दाराच्या वरच्या भिंतीवर, ही चित्रे लागली. पुष्कळशी चित्रे कॅनव्हासवर तैलरंगांत काढून मग भिंतीला चिकटवली जात. विषय गावाचाच असे : कापणी, लाकूडतोड, खाण, गिरणी. तिकीट घ्यायला रांगेत उभा राहिलेला शेतकरी वर पाही, तेव्हा त्याला आपल्यासारखाच माणूस दिसे.

पण पैसा सरकारी असला की भिंतीवर काय असावे याची घासाघीस होतेच. या विभागाला संप, मारामारी, उपासमार नको असे. निरोगी, कामात रमलेली माणसे हवी असत. सॅन फ्रान्सिस्कोच्या कॉइट टॉवरमधील चित्रे पहिल्या योजनेतील आहेत. तेथील एका चित्रात दरिद्री कुटुंबाकडे टक लावून पाहणारे सहलकरी आहेत, तर एका चौकटीत कोयता-हातोड्याचे चिन्ह होते. 1934 च्या उन्हाळ्यात त्या शहरात गोदी कामगारांचा संप पेटला. मनोऱ्याचे उद्घाटन ऑक्टोबरपर्यंत लांबले आणि ते चिन्ह पुसले गेले.

आपल्याकडे सरकारी पैशाचे असे उदाहरण नाही. जवळचे आहे ते हरिपुऱ्याचे. सुरत जिल्ह्यातील हरिपुरा तेव्हा पुण्यासारखेच मुंबई प्रांतात होते. 1938 च्या काँग्रेस अधिवेशनासाठी गांधीजींच्या सांगण्यावरून नंदलाल बोस यांनी तेथील प्रवेशद्वारे व मंडप यांसाठी फलक रंगवले. येणाजाणाऱ्या खेडुतांना ते सहज दिसावेत, हा हेतू होता. शिंपी, पिंजारी, ढोलकवाला यांच्या त्या ठसठशीत रेषा कोणत्याही कलाशिक्षकाने मुलांना दाखवाव्यात अशाच आहेत. आम्हीही दाखवल्या आणि मुलांना त्या आवडल्या. तरीही नववीच्या मुलाचा प्रश्न तेथे सुटत नाही. त्याआधी दोनच वर्षे, 1936 मध्ये, परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा जातिनिर्मूलनावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला होता. समाजात कामांची वाटणी असणारच. पण आपल्याकडे कामाबरोबर माणसेही जन्मानेच वाटली गेली आणि त्यांना काम बदलण्याची मुभा उरली नाही, ही त्यातील तक्रार. पिंजाऱ्याचे सुंदर चित्र पाहताना त्याचा मुलगा दुसरे काही होऊ शकेल का, हे चित्रातून कळत नाही. चित्रकाराचा तो दोष आहे असे आम्ही म्हणणार नाही, पण पाहणाऱ्याने तो प्रश्न विचारायला हवा.

हा प्रश्न न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये थेट भिंतीवर आला. बाबासाहेब 1913 ते 1916 या काळात ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकले, त्याच्या शेजारची ही कृष्णवर्णीयांची वस्ती. 1936 मध्ये तेथील सरकारी रुग्णालयासाठी मजुरीवरील चित्रकारांनी आराखडे केले. त्यांत कृष्णवर्णीय विषय फार झाले, असे कारण देऊन अधीक्षकांनी चार आराखडे नाकारले. चित्रकारांच्या संघटनांनी निषेध केला आणि अखेर चित्रे झाली. त्यांपैकी व्हर्टिस हेज यांच्या चित्रमालेत आफ्रिकेतील गावापासून अमेरिकेच्या दक्षिणेकडील शेतांतले राबणे आणि तेथून उत्तरेकडील शहरांतील शिक्षित व्यवसाय असा पिढ्यांचा प्रवास आहे. राबणारी माणसे तेथे झाकलेली नाहीत, पण राबण्यापाशी थांबलेलीही नाहीत. 2012 मध्ये उघडलेल्या नव्या इमारतीच्या काचेच्या दर्शनी भागावर त्या आकृती कित्येक मजले उंच दिसतात.

ही चित्रे पाहिल्यावर वर्गाचा सूर बदलला. तरी “आमच्या आईला विचारल्याशिवाय नाही”, ही अट मुलींनी घातली आणि ती आम्हांस योग्य वाटली. पालकसभेत विचारले. दोन वडिलांनी स्पष्ट नकार दिला. त्यांची आकृती येणार नाही. कचरा वेचणाऱ्या एका मातेने बराच वेळ विचार केला. पुण्यात 1993 पासून ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही कचरावेचकांची संघटना आहे. त्या तिच्या सभासद. त्या म्हणाल्या, “काढा, पण गळ्यातलं ओळखपत्र दिसलं पाहिजे. आणि त्यावरचं नाव वाचता आलं पाहिजे.”

आमच्या मूळ आराखड्यात ती आकृती पाठमोरी होती. आता ती समोरून काढत आहोत. चौकटी आखून कागदावरचे चित्र भिंतीवर उतरवायचे, तर ओळखपत्रावरील अक्षरे रस्त्यावरून वाचता यावीत यासाठी ती किमान चार बोटे उंच हवीत. म्हणून संपूर्ण आकृतीच मोठी करावी लागली. कुंपणाची उंची तिला पुरत नाही. वर दोन थर विटा चढवण्याचे काम ज्यांनी पत्करले आहे, ते नववीतील त्याच मुलाचे वडील आहेत.