खाऱ्या पाण्यातील सूक्ष्म जीव
(सामान्य विज्ञान : वरच्या प्राथमिक वर्गांसाठी पाठ-मार्गदर्शन)

उद्देश : तीव्र खाऱ्या पाण्यात बहुतेक जीव का तग धरीत नाहीत आणि काही थोडे जीव तेथेच कसे वाढतात, हे विद्यार्थ्यांस प्रयोगाने व उदाहरणाने समजावून देणे.

साहित्य : काचेचे दोन पेले, पाणी, मीठ, बटाट्याच्या पातळ चकत्या.

प्रस्तावना : कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवले की भांड्यात पाणी सुटते, हे मुलांनी घरी पाहिलेले असते. हे पाणी कोठून आले, असा प्रश्न शिक्षकांनी प्रथम विचारावा व उत्तरे फळ्यावर लिहून ठेवावीत. चूक-बरोबर लगेच सांगू नये.

प्रयोग : एका पेल्यात साधे पाणी घ्यावे. दुसऱ्यात तेवढ्याच पाण्यात तीन-चार चमचे मीठ विरघळवावे. दोहोंत सारख्या जाडीच्या चकत्या टाकाव्यात. तासाभराने मुलांनी त्या वाकवून पाहाव्यात. साध्या पाण्यातील चकती ताठ राहते. मिठाच्या पाण्यातील लिबलिबीत होते.

विवेचन : सजीवांचे शरीर पेशींचे बनलेले असते. पेशीच्या पातळ पटलातून पाणी सहज ये-जा करते, मीठ मात्र सहज जात नाही. बाहेर मीठ अधिक असले म्हणजे पेशीतील पाणी बाहेर ओढले जाते. या क्रियेस परासरण म्हणतात. लोणचे किंवा खारवलेली मासळी टिकते, तीही बऱ्याच अंशी याचमुळे. कुजविणाऱ्या जंतूंना तेथे पाण्याचा लाभ होत नाही.

येथवर आल्यावर ‘खाऱ्या पाण्यात कोणी जगत नाही’ असा निष्कर्ष मुले काढतील. तो तसाच राहू देऊ नये. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात आणि समुद्र जीवांनी भरलेला आहे. मिठागरात हेच पाणी उन्हाने आटत जाते. १०० ग्रॅम पाण्यात सुमारे ३६ ग्रॅमपर्यंतच मीठ विरघळते. त्यापुढे ते खाली बसू लागते. अशा दाट खाऱ्या पाण्यातही जीव असतात.

आर्टेमिया हा सुमारे एक सेंटिमीटर लांबीचा, कोळंबीचा दूरचा नातलग. तो उताणा पोहतो. खारे पाणी पितो, पण जादा मीठ कल्ल्यांसारख्या अवयवांतून बाहेर टाकतो. पाणी आटले तरी त्याची कवचबंद अंडी कोरड्या स्थितीत वर्षानुवर्षे टिकतात आणि योग्य पाणी मिळताच एक-दोन दिवसांत फुटतात.

ड्युनालिएला हे एकपेशीय शैवाल. ते आपल्या पेशीत ग्लिसरीन साठवून बाहेरच्या मिठाचा ताण तोलते.

तिसरे, लवणप्रिय सूक्ष्मजीव. ते पोटॅशियमचे क्षार पेशीतच साठवून आत-बाहेर समतोल राखतात. गोडे पाणी आपणास जीवनदायी, परंतु यांपैकी अनेकांच्या पेशी गोड्या पाण्यात फुटून जातात. कोणते पाणी चांगले, हे राहणाऱ्यावर ठरते, हा मुद्दा मुलांना अवश्य पटवावा.

लोणारचे उदाहरण : बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवर उल्कापाताने बेसाल्ट खडकात झालेल्या विवरात आहे. त्यातून पाणी वाहून जाण्यास वाट नाही. बाष्पीभवनाने पाणी जाते, क्षार मागे उरतात. म्हणून ते खारे व अल्कधर्मी आहे. जून २०२० मध्ये हे पाणी गुलाबी झाले, तेव्हा लोकांनी नाना तर्क केले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत नमुने तपासले असता लवणप्रिय सूक्ष्मजीव आढळले. उन्हाळ्यात पाणी घटून क्षारता वाढली, त्यांची वाढ झाली व त्यांच्या अंगच्या रंगद्रव्याने पाणी रंगले.

लोणारशी लवणासुराच्या वधाची कथा जोडलेली आहे. वर्गात तिचा उल्लेख निघाल्यास तिची थट्टा करू नये. कथा म्हणून ती ऐकावी. मात्र पाण्याचा रंग का बदलला, याचे उत्तर नमुना तपासूनच मिळते, हे स्पष्ट सांगावे. विचित्र काही दिसताच भिण्याऐवजी ‘हे तपासावे कसे?’ असे मूल विचारू लागले, तर या पाठाचे सार्थक झाले.

स्वाध्याय :
१. मीठ लावल्यावर कैरीला पाणी का सुटते?
२. आर्टेमिया व ड्युनालिएला यांची मिठापासून बचावाची रीत कशी वेगळी आहे?
३. वाहत्या नदीपेक्षा निर्गम नसलेले सरोवर अधिक खारे का होते?
४. लवणप्रिय सूक्ष्मजीव गोड्या पाण्यात टाकले तर काय होईल? कारण द्या.

सूचना : प्रयोगानंतरचे मिठाचे पाणी शाळेच्या बागेत ओतू नये. का, ते मुलांकडूनच वदवून घ्यावे.