चरबीची पेशी व्हायचं, हे कोण ठरवतं?

प्रश्न : वजन उतरल्यावर चरबीच्या पेशी मरून जातात का? आणि नव्या पेशी तयार करायच्या की नाही, हे शरीरात कोण ठरवतं?

उत्तर : वजन उतरल्यामुळे पेशी मरून जात नाहीत, आक्रसतात. स्वीडनच्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटमधल्या शास्त्रज्ञांनी २००८ साली हे फार कल्पकतेने मोजलं. १९५० आणि ६०च्या दशकांत उघड्यावर झालेल्या अणुचाचण्यांमुळे हवेतला किरणोत्सारी कार्बन वाढला होता. तो अन्नावाटे माणसांच्या डीएनएत उतरला आणि त्याच्या प्रमाणावरून पेशी साधारण कधी जन्मली हे सांगता येऊ लागलं. असं दिसलं, की मोठ्या माणसाच्या चरबीच्या पेशींपैकी सुमारे १० टक्के दरवर्षी मरतात आणि जवळपास तितक्याच नव्या जन्मतात. एकूण संख्या लहानपणी आणि किशोरवयात ठरून जाते. लठ्ठपणावरच्या शस्त्रक्रियेनंतर वजन पुष्कळ उतरलं तरी ती घटली नव्हती.

म्हणजे तुमचा दुसरा प्रश्न अधिक मोलाचा. दर वर्षी जन्मणाऱ्या या पेशी येतात कुठून?

हाड, कूर्चा आणि चरबी यांचा उगम एकाच प्रकारच्या मूलपेशींतून होतो. मूलपेशीने कोणती वाट धरायची, हे तिच्याभोवतीच्या रासायनिक संदेशांवर ठरतं. संदेश घेऊन येणारा रेणू पेशीच्या पृष्ठभागावरच्या ग्राहीला चिकटतो, आत एकामागून एक प्रथिनं जागी होतात आणि अखेर केंद्रकातली काही जनुकं चालू किंवा बंद होतात. या साखळीला संदेशमार्ग म्हणतात. बीएमपी-४ नावाचं प्रथिन मूलपेशीला चरबीच्या दिशेने वळवतं. इन्सुलिन तो प्रवास पुढे नेतं. ‘विंट’ हा मार्ग मात्र लगाम धरून असतो. तो चालू असेपर्यंत पेशी चरबीची होत नाही, आणि मूलपेशींचा कल हाडाकडे राहतो. उंदरांच्या पेशींवरच्या, २००० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत हा लगाम काढल्यावर स्नायू बनण्याच्या वाटेवरच्या पेशीसुद्धा चरबीच्या झाल्या! मला यातलं हे सर्वांत विलक्षण वाटतं.

प्रयोगशाळेत हा बदल डोळ्यांनी पाहता येतो. हॉवर्ड ग्रीन यांनी १९७०च्या दशकात उंदराच्या भ्रूणपेशींपासून ‘३टी३-एल१’ नावाचा वाण तयार केला. त्यात इन्सुलिन, डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड आणि आयबीएमएक्स हे रसायन घातलं, की लांबट पेशी काही दिवसांत गोलसर होतात आणि त्यांच्यात तेलाचे थेंब साठू लागतात. या तिन्हींच्या संदेशांमुळे आधी काही तात्पुरती नियंत्रक प्रथिनं जागी होतात आणि ती पीपीएआर-गॅमा या मुख्य नियंत्रकाला चालू करतात. एकदा तो चालू झाला, की तो आणि त्याचा जोडीदार सी/ईबीपी-अल्फा एकमेकांना चालूच ठेवतात. मूळ संदेश थांबला तरी पेशी सहसा माघारी फिरत नाही. पीटर टोंटोनोझ आणि ब्रूस स्पीगलमन यांनी १९९४ मध्ये दाखवलं, की साध्या संयोजी पेशीत नुसता हा एक नियंत्रक घातला आणि त्याला चेतवलं, तरी ती चरबीची पेशी बनते.

मग हा नियंत्रक बंद करून लठ्ठपणा संपवता येईल का? नाही, आणि हे मला आग्रहाने सांगावंसं वाटतं. ज्यांच्या पीपीएआर-गॅमाच्या जनुकातच दोष असतो, त्यांच्या हातापायांवर चरबी साठत नाही, पण त्यांना कमी वयात मधुमेह होतो, यकृतात चरबी भरते. खाल्लेलं जास्तीचं तेल ठेवायला नीट जागा नसली, की ते यकृतात आणि स्नायूंत जाऊन बसतं. उलट पायोग्लिटाझोन हे मधुमेहाचं औषध याच नियंत्रकाला चेतवतं, त्वचेखाली नव्या लहान पेशी तयार होतात, वजन थोडं वाढतं आणि तरीही रक्तातली साखर उतरते. मूलपेशी चरबीकडे वळल्याने हाडांच्या वाट्याला कमी येतात, हे त्याच्या वापराने अस्थिभंगाचा धोका वाढण्याचं एक कारण आहे.

आपल्याकडे हे जास्त जवळचं आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच तुलना छापली. दोघांचा बीएमआय २२.३, पण शरीरातली चरबी याज्ञिकांची २१.२ टक्के, युडकिन यांची ९.१. आपल्या त्वचेखालच्या चरबीची साठवणक्षमता कमी पडते आणि म्हणून ती लवकर पोटात, यकृतात जाते, असं अनेक संशोधक मानतात. काट्यावरचं वजन यातलं काही सांगत नाही. कमरेचा घेर थोडंफार सांगतो: भारतीय पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांसाठी ८० ही त्याची मर्यादा आहे.