नव्या लाकडी फरशीवरील ओरखडे : दुरुस्तीची योग्य पद्धत

दहिसरमध्ये जुन्या इमारती पाडून नव्या उभारण्याचे काम जोरात चालू आहे. नव्या घरात एखाद्या खोलीला लाकडी फरशी बसवून घेणारे गिऱ्हाईक आता भेटू लागले आहे. सुतारकाम व पॉलिशकाम करणाऱ्या आपल्या बांधवांसाठी ही रोजीची नवी वाट आहे. मात्र या कामात नुकसान बहुधा फरशी बसून झाल्यावर होते. पंखेवाला शिडी सरकवतो, कोणी कपाट ओढतो, कोणाच्या हातून हातोडी निसटते. फळीवर ओरखडा दिसला की बिल अडकते. अशा वेळी घाईने केलेला उपाय नुकसान वाढवतो.

ही फरशी म्हणजे फर्निचर नव्हे, हे प्रथम लक्षात घ्यावे. फर्निचरला आपण काचपेपर मारून पुन्हा पॉलिश चढवतो. तयार फरशीचे पॉलिश कारखान्यात अतिनील दिव्यांखाली पक्के केलेले असते. पुष्कळ मालात त्यात ॲल्युमिनियम ऑक्साईडची पूड असते, म्हणजे ज्या पदार्थाचे दाणे पॉलिश पेपरवर असतात तोच पदार्थ. त्यामुळे एकाच जागी घासल्यास तेथे मंद डाग पडतो आणि वरून हाताने पॉलिश लावले तरी चमक जुळत नाही. शिवाय अनेक फळ्यांत खरे लाकूड वरच्या काही मिलिमीटरच्या थरातच असते, स्वस्त मालात तर एका मिलिमीटरहूनही कमी. लॅमिनेट फरशीत लाकडाचा थर नसतोच, तेथे छापील कागद असतो. त्यावर पॉलिश पेपर कधीही चालवू नये.

दुरुस्तीपूर्वी जागा मऊ कापडाने पुसून इजा किती खोल आहे ते ठरवावे. ओरखड्यावर ओले बोट फिरवावे. रेघ दिसेनाशी झाली तर इजा वरवरची आहे. पांढुरकी किंवा फिकट रेघ तशीच राहिली तर ती लाकडापर्यंत गेली आहे.

१) वरवरचा ओरखडा : फळी बनवणाऱ्या कंपनीचे टच-अप पेन वापरावे. रंग आधी टाकाऊ तुकड्यावर पाहावा आणि फिकट छटेपासून सुरुवात करावी. जास्तीचा रंग लगेच पुसावा.

२) लाकडापर्यंत गेलेली चीर : उभे राहिलेले तंतू धारदार पात्याने कापावेत. जुळणाऱ्या रंगाची कडक मेणाची कांडी वितळवून चीर भरावी, गार झाल्यावर प्लास्टिकच्या पट्टीने सपाट करावी. दोन छटा मिसळल्या तर लाकडाच्या रेषा चांगल्या जुळतात. आजूबाजूला मेण पसरू देऊ नये, कारण मेणावर पुढे कोणतेही पॉलिश धरत नाही.

३) खोचा किंवा खळगा : कच्च्या लाकडावरील खोचा ओले फडके व इस्त्रीने वर येतो. येथे तो उपाय करू नये. पॉलिशचा थर पाणी आत जाऊ देत नाही आणि उष्णतेने तो पांढरा पडू शकतो. लहान खोचा मेणाने भरावा. मोठा असल्यास फळी बदलावी.

४) फळी बदलणे : कुलपी जोडाची फरशी असेल व फळी भिंतीजवळ असेल, तर भिंतीकडून ओळी उघडत यावे. चिकटवलेल्या फरशीत करवतीची खोली फळीच्या जाडीएवढीच ठेवावी आणि कडांपासून थोडे आत असे दोन उभे काप द्यावेत. मधली पट्टी काढून उरलेल्या कडा पटाशीने आतल्या बाजूला सोडवाव्यात, म्हणजे शेजारच्या फळ्यांची जीभ तुटणार नाही. नव्या फळीच्या खाचेचा खालचा ओठ कापून, डिंक लावून ती बसवावी व एक दिवस वजन ठेवावे.

बदलीची फळी त्याच खेपेतील असली तरच रंग जुळतो. म्हणून माल घेताना कापणीसाठी ५ ते १० टक्के जादा घ्यावा आणि उरलेल्या फळ्या गिऱ्हाइकाकडे ठेवाव्यात. बसवलेल्या फरशीवर जाड पुठ्ठा अंथरावा. फळीवर थेट चिकटपट्टी लावू नये, ती काढताना पॉलिशही उचलले जाऊ शकते. पावसाळ्यात फळ्या एकमेकींना ढकलून कडा उचलल्या असतील, तर तो ओरखड्याचा नव्हे, ओलाव्याचा दोष आहे. भिंतीलगत फुगण्यास जागा सोडली आहे का ते पाहावे. वरून मेण भरून तो दोष जात नाही.

आता व्यवहाराची बाजू. हजरत अबू हुरैरा (रजि.) यांच्या रिवायतीत येते की, प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला, तेव्हा आत ओलावा लागला. भिजलेले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे त्यांनी विक्रेत्याला विचारले आणि फसवणूक करणाऱ्याला आपल्यापैकी मानले नाही. भरलेली चीर हीसुद्धा ढिगाखालची ओल होऊ शकते. दुरुस्ती करणे गैर नाही, ती सांगितली नाही तर गैर आहे. कोणती फळी भरली व कोणती बदलली, हे बिलावर लिहून द्यावे. फिकहमध्येही मालातील दोष लपवला गेल्यास खरेदीदाराला सौदा मोडण्याचा हक्क आहे.

कायदाही हेच सांगतो. २०१६ च्या रेरा कायद्याच्या कलम १४ नुसार ताबा दिल्यापासून ५ वर्षांत कामातील दोष कळवल्यास बिल्डरने तो ३० दिवसांत विनामूल्य दूर करायचा असतो. बिल्डर मग तो बोजा ठेकेदारावर टाकू पाहतो. म्हणून काम सोपवताना दिवसाउजेडी गिऱ्हाइकासह प्रत्येक खोली पाहावी, इजांची नोंद करून दोघांच्या सह्या घ्याव्यात. त्यानंतर दुसऱ्याच्या शिडीने पडलेला ओरखडा आपल्या मजुरीतून कापला जाणार नाही, आणि आपल्या हातून पडलेला आपण नाकारू शकणार नाही. दोन्ही गोष्टी हलाल रोजीसाठी आवश्यक आहेत.